गोठ्यामागचा जुना ट्रॅक्टर-नांगर: मुंबईत राहून तो पुन्हा रानात कसा उतरवायचा

गावी गोठ्यामागे ट्रॅक्टरचा जुना नांगर गवतात पडलाय आणि तो पुन्हा चालू करायचं मनात आलंय, तर आधी एक पथ्य पाळा: रंग आणू नका. मुंबईहून शनिवार-रविवार गावी जाणारी मंडळी पहिल्याच खेपेला पॉलिशपेपर, लाल रंग आणि ब्रश घेऊन जातात. संध्याकाळपर्यंत नांगर नव्यासारखा दिसतो. मग उन्हाळी नांगरटीला रानात उतरवला की तो जमिनीत शिरतच नाही, आणि शिरला तर ट्रॅक्टरला एका अंगाला खेचत राहतो. नांगर दिसायला जाडजूड लोखंड असलं, तरी त्याचं काम काही मिलिमीटरच्या फटींवर चालतं. त्या फटी जाग्यावर असतील तर गंजका नांगरही चालतो. त्या गेल्या असतील तर रंगाचा डबा फुकट गेला.

रंगावरून आठवलं. महाराष्ट्रात लोखंडी नांगर रुजवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर आधी मुंबईत जे. जे. मध्ये चित्रकला शिकायला आले होते. काही रंगांतला फरक त्यांना ओळखू येत नसे, म्हणून ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि पुढे माटुंग्याला आज जी व्हीजेटीआय आहे त्या संस्थेत शिकवू लागले. तिथून बेळगाव आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी. लोखंडानं जमीन नासते अशी तेव्हा शेतकऱ्यांची समजूत होती, त्यामुळे सुरुवातीचे नांगर विकले जायला बराच काळ गेला. ते नांगर बैलांचे होते. आपण बोलतोय ते ट्रॅक्टरच्या नांगराबद्दल, पण माती कापून उलथवायचं तत्त्व तेच.

आधी नांगर ओळखा

जुन्या ट्रॅक्टर-नांगरांचे मोटामोटी तीन प्रकार सापडतात. पहिला ओढायचा: त्याला स्वतःची दोन-तीन चाकं असतात, पुढे लांब दांडी असते आणि ट्रॅक्टरवर बसून ओढायची एक दोरी असते. दुसरा ट्रॅक्टरच्या मागे तीन ठिकाणी टांगायचा, हायड्रॉलिकनं उचलला जाणारा. तिसरा पलटी नांगर, ज्यात डावे-उजवे असे फाळांचे दोन संच असतात. नवशिक्यानं सुरुवात दुसऱ्या प्रकारच्या साध्या दोन फाळी नांगरावर करावी असं माझं मत आहे. पलटी नांगरात सगळी मापं दोनदा जुळवावी लागतात, आणि ओढायच्या नांगराची उचलायची यंत्रणा हा वेगळाच अभ्यास आहे.

कंपनीची पट्टी बहुतेक वेळा गेलेली असते. पण ओतीव भागांवर क्रमांक ओततानाच उठवलेला असतो. तारेच्या ब्रशनं घासा, वरून खडू आडवा फिरवा, अक्षरं उठून दिसतात. फोटो काढून ठेवा, दुकानात हाच फोटो कामाला येतो.

आता भाग. जमीन आडवी कापतो तो फाळ. कापलेली माती वर घेऊन उजवीकडे उलथवतो तो वळणदार पत्रा म्हणजे मोल्डबोर्ड. माती उजवीकडे फेकली की तिचा धक्का नांगराला डावीकडे ढकलतो. तो धक्का न नांगरलेल्या जमिनीच्या भिंतीवर टेकून झेलते ती लांब पट्टी म्हणजे लँडसाइड, आणि तिच्या मागच्या टोकाला टाच. हे तिन्ही ज्याला बोल्टनं बसतात तो आतला ओतीव किंवा घडीव तुकडा म्हणजे फ्रॉग, आणि फ्रॉग वरच्या बीमला, म्हणजे सांगाड्याच्या लांब आडव्या दांडीला, बसतो. पुढे एखादी गोल तवीसारखी चकती असेल तर ती कोल्टर. मातीचा उभा काप आणि पालापाचोळा तोडणं हे तिचं काम.

लँडसाइडकडे कुणाचंच लक्ष जात नाही, कारण ती दिसत नाही. जुन्या नांगरात सगळ्यात जास्त झिजलेली बहुधा तीच असते.

माप घ्यायला एक अख्खा दिवस ठेवा

इथे घाई करू नका, कारण पुढचा सगळा खर्च या दिवसावर ठरतो. लागेल ते एवढंच: सरळ कडेची दोन फुटी लोखंडी पट्टी, मापाची टेप, दोरी, खडू आणि सपाट जागा. खळं सिमेंटचं असेल तर उत्तम. नांगर ट्रॅक्टरनं किंवा चेन-पुलीनं उचलून कामाच्या स्थितीत टेकवा. तो दोन माणसांनी उचलायचा जिन्नस नाही. नुसत्या जॅकवर तोललेल्या नांगराखाली हात घालू नका. खाली लाकडाचे जाड ठोकळे हवेतच.

पहिलं माप खालच्या फटीचं. फाळाच्या टोकापासून लँडसाइडच्या टाचेपर्यंत तळाला पट्टी लावा. मध्ये साधारण ३ ते ५ मिमी फट दिसली पाहिजे. या फटीमुळेच नांगर स्वतःहून जमिनीत खेचला जातो. टोक झिजलं की फट मिटते, आणि मग लोक नांगरावर दगड किंवा पोत्यात वाळू ठेवतात. वजन टाकून नांगर शिरवावा लागत असेल तर समजा की फट गेलेली आहे.

दुसरं माप बाजूच्या फटीचं. तीच पट्टी आता लँडसाइडच्या बाहेरच्या अंगाला, टोकापासून टाचेपर्यंत लावा. इथेही साधारण ५ मिमीच्या आसपास फट हवी. ती नसेल तर नांगर पूर्ण रुंदीचा तास, म्हणजे नांगरटीचा चर, घेत नाही आणि हळूहळू नांगरलेल्या बाजूला सरकतो.

तिसरं माप फाळांच्या आपसातल्या अंतराचं. दोन्ही फाळांच्या टोकांपासून वर बीमपर्यंतची उंची मोजा, ती सारखी हवी. मग दोन्ही लँडसाइड एकमेकींना समांतर आहेत का ते दोरी ताणून बघा. त्यांच्यामधलं आडवं अंतर म्हणजे एका फाळाची कापायची रुंदी, बहुतेक जुन्या नांगरांत १२ किंवा १४ इंच. दोन फाळांच्या उंचीत अर्ध्या इंचाहून जास्त फरक आला तर बीम किंवा फ्रॉग वाकलाय. दगडाला धडकलेल्या नांगरात हे सर्रास असतं. बीम वाकला असेल तर तो मोठ्या प्रेसवर सरळ होतो. घणानं ठोकून कुणी सरळ करून देतो म्हणालं तर नको म्हणा. फ्रॉग ओतीव असून तडकला असेल तर बदलणंच बरं.

सगळी मापं वहीत लिहा आणि शेजारी आकृती काढा. फोनमध्ये ठेवलेली मापं दुकानात उभं राहिल्यावर सापडत नाहीत.

मुंबईला काय आणायचं

सांगाडा गावीच राहू द्या. सोसायटीच्या पार्किंगमध्ये ग्राइंडर लावायचा विचार असेल तर पहिल्या ठिणगीला सेक्रेटरी खाली येतील, आणि ते बरोबरच आहे. मुंबईला आणायचे ते सुटे भाग: बुश (पिन ज्यात फिरते ती नळी), पिना, कोल्टरचा हब, बोल्टचे नमुने, लहान चाकाचा आस. फाळ आणायचाच असेल तर धारेला जाड गोणपाट बांधा, आणि लोकलमध्ये मालडब्यातच चढा.

बोल्टसाठी मस्जिद स्टेशनला उतरून नागदेवी स्ट्रीट गाठा. रविवारी जाऊ नका, बाजार बंद असतो. जाण्याआधी आटे ओळखा, कारण इथेच बहुतेकांची फसगत होते. जुने इंग्रजी नांगर व्हिटवर्थ आट्यांचे, अमेरिकी नांगर यूएनसीचे आणि नंतरचे देशी नांगर बहुधा मेट्रिक. अर्ध्या इंचाच्या व्हिटवर्थ बोल्टला इंचात १२ आटे असतात, यूएनसीला १३. नट दोन-तीन फेरे आरामात जातो आणि मग जाम होतो. पाना लावून जोर केला की दोन्हीचे आटे गेले. इतर बऱ्याच मापांत आट्यांची संख्या सारखी असते, पण कोन वेगळा: व्हिटवर्थ ५५ अंश, यूएनसी ६०. ते एकमेकांत बसतात, पण रानात सैल होतात. आटे मोजायचा गेज स्वस्तात मिळतो, तो खिशात ठेवा.

फाळ आणि मोल्डबोर्डचे बोल्ट मात्र वेगळे. त्यांचं डोकं पसरट, पत्र्यात पूर्ण बुडणारं असतं आणि मानेखाली चौकोन असतो, म्हणजे नट आवळताना बोल्ट फिरत नाही. हे तालुक्याच्या गावी ट्रॅक्टरच्या स्पेअरच्या दुकानात लवकर मिळतात. साधा षटकोनी बोल्ट लावून वर डोकं घासलं तर चालतं का, असा प्रश्न हमखास येतो. चालत नाही. घासलेल्या डोक्यात धरायला काही उरत नाही, आणि किंचित वर राहिलेल्या डोक्यावर काळी माती चिकटून बसते.

बुश झिजले असतील तर साकीनाका किंवा कुर्ल्याच्या गाळ्यांमधला एखादा टर्नर नमुना बघून गनमेटलचा बुश करून देतो. त्याला फक्त बुश देऊ नका, त्यात फिरणारी पिनही द्या. झिजलेल्या पिनेवर नवा बुश बसवला तर तो महिन्यात ढिला होतो. जाड पट्टी किंवा प्लेट हवी असेल तर रे रोडजवळ दारुखान्यात जुनं जाड पोलाद मिळतं, नवं हवं असेल तर कळंबोलीचा लोखंड बाजार.

अडकलेले नट आणि गंज

नटांवर गंज सोडवणारं तेल टाका, रात्रभर ठेवा, पुन्हा टाका. निघाला नाही तर नट तापवा, बोल्ट नाही. नट प्रसरण पावला की पकड सुटते. तरीही हलला नाही तर ग्राइंडरनं नटच कापा. नांगराचा बोल्ट हा बदलायचाच भाग आहे, त्याला वाचवायच्या नादात फ्रॉग फोडू नका. ओतीव फ्रॉगवर हातोडा मारताना पाठीमागून जड लोखंडाचा आधार द्या. जस्त चढवलेला एखादा नट असेल तर तो तापवू नका, त्याचा धूर आजारी पाडतो.

जुन्या रंगात शिसं असण्याची शक्यता असते, म्हणून कोरडा घासून धूळ उडवू नका. ओला करून खरवडा, तोंडाला मास्क हवा, आणि पोरांना लांब ठेवा.

लहान भागांचा गंज काढायला विजेची पद्धत चांगली. प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये पाणी, लिटरला एक चहाचा चमचा धुण्याचा सोडा. बारा व्होल्टच्या बॅटरी-चार्जरची ऋण तार भागाला, धन तार टाकाऊ लोखंडी पत्र्याला. दोन्ही एकमेकांना टेकता कामा नयेत. धन बाजूला स्टेनलेस स्टील कधीही लावू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन वायू निघतो, त्यामुळे हे उघड्यावरच करायचं. फ्लॅटच्या बाल्कनीत अजिबात नाही. स्प्रिंगा आणि हाय टेन्साइल, म्हणजे जास्त ताकदीचे, बोल्ट या ड्रममध्ये घालू नयेत, ते ठिसूळ होतात.

फाळ: घडवायचा की बदलायचा

इथे एक चाचणी करा. फाळाच्या आतल्या, न दिसणाऱ्या कडेला ग्राइंडर क्षणभर टेकवा. ठिणग्या आखूड, मंद तांबड्या असतील तर फाळ बिडाचा. लांब, पांढरट आणि टोकाला फुटणाऱ्या असतील तर पोलादाचा.

पोलादी फाळ गावचा लोहार शेवटून देऊ शकतो: टोकाला नवं पोलाद जोडून, धार ओढून, पाणी देऊन. त्याला मापाची वही दाखवा आणि टोक खाली आणि बाजूला किती हवं ते नीट सांगा. नाहीतर धार उत्तम लागते, पण फट पुन्हा मिटलेलीच राहते.

बिडाचा फाळ भट्टीत घालू नका. इंग्लंडच्या रॉबर्ट रॅन्सम यांनी १८०३ मध्ये अशा फाळाचं पेटंट घेतलं: ओतताना खालचा पृष्ठभाग झटकन थंड करून कडक करायचा, वरचा मऊ ठेवायचा. वरचा आधी झिजतो, त्यामुळे खालची कडक कड पुढे राहते आणि फाळ चालता चालता स्वतःच धारदार राहतो. ही करामत तापवल्यावर संपते, आणि ठोकल्यावर फाळच फुटतो. असा फाळ झिजला की नवा, किंवा त्याच बैठकीचा दुसरा.

मोल्डबोर्ड

चांगल्या मोल्डबोर्डच्या पत्र्याचे बाहेरचे थर कडक आणि मधला मऊ असतो. म्हणून त्यालाही गॅसचा जाळ दाखवायचा नाही. गंजाचे खड्डे असतील तर आधी ६० नंबरची फ्लॅप डिस्क, मग १२०, आणि हात नेहमी माती ज्या दिशेनं सरकते त्याच दिशेनं: पुढच्या कडेकडून शेपटीकडे. आडवे ओरखडे राहिले तर काळी माती तिथेच धरते. आरसा करायची गरज नाही, शेवटची झिलई जमीनच देते. जवळ वाळूसर रान असेल तर पहिले काही तास तिथे मारा, मग काळ्या रानात जा.

फाळ आणि मोल्डबोर्डच्या सांध्यावरून बोट फिरवा. मोल्डबोर्डची कड फाळापेक्षा वर आलेली नको. किंचित खाली असलेली चालते. वर असेल तर बोल्ट सैल करून फाळाच्या मागे पातळ पत्रा घालून जुळवा. मोल्डबोर्ड, फाळ आणि लँडसाइडला रंग लावायचा नाही, कधीच. रंग फक्त बीम, सांगाडा आणि चाकांना.

ओढायच्या नांगराबद्दल थोडक्यात. दोरी ओढली की चाकाच्या हबमधला क्लच पकड घेतो आणि फिरणारं चाकच नांगर वर उचलतं, पुन्हा ओढली की नांगर खाली. या हबमध्ये वर्षानुवर्षांचं वाळलेलं ग्रीस असतं. रॉकेलनं पूर्ण धुवा, दात तपासा, नवं ग्रीस भरा. ताणलेली मोठी स्प्रिंग दिसली तर तिचा ताण आधी सावकाश उतरवा आणि मगच बोल्ट सोडा. नुसता बोल्ट काढला तर स्प्रिंग हात मोडू शकते.

ट्रॅक्टरला जोडणं

गावात अजून बरेच जुने बी-२७५ दिसतात. १९६३ मध्ये महिंद्रानं इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या भागीदारीत कंपनी काढली आणि हा ट्रॅक्टर आपल्या कांदिवलीत बनू लागला. ३५ अश्वशक्तीच्या आसपासच्या अशा ट्रॅक्टरला काळ्या रानात १२ इंची दोन फाळ पुरेत. हिशेब करून बघा: ३० सेंमी रुंदीचे दोन फाळ १५ सेंमी खोल चालले तर ९०० चौरस सेंटीमीटर माती कापली जाते. भारी जमिनीत चौरस सेंटीमीटरला ०.७ किलो ओढ धरली तर ६३० किलो होते. खोली २५ सेंमी केली की तीच ओढ १,०५० किलोवर जाते. तिसरा फाळ जोडायचा मोह होण्याआधी हा गुणाकार करावा.

पिनांचं माप बघा. लहान ट्रॅक्टरच्या खालच्या दोन हातांची पिन २२ मिमी, त्यावरच्या वर्गाची २८ मिमीच्या आसपास. मोठ्या भोकात लहान पिन खुळखुळत ठेवू नका, बुश घाला. ओढायचा नांगर फक्त ट्रॅक्टरच्या ओढपट्टीला (ड्रॉबारला) जोडायचा. साखळी अ‍ॅक्सलला किंवा उंचावर बांधली आणि फाळ दगडात अडकला, तर ट्रॅक्टर पुढून उचलून मागे उलटतो. याबाबत कुणाचाही सल्ला ऐकू नका, गावातल्या जाणत्या काकांचाही.

रानात

कोकणात भातखाचरं असतील तर तुम्हाला या नांगराचा फारसा उपयोग नाही. चिखलणीचं काम वेगळं, आणि खाचरात तो वळायलाही जागा नसते.

घाटावरच्या रानात आधी वाफसा बघा. मूठभर माती दाबून गोळा करा आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडा. फुटली तर नांगरा, चिकट गोळाच राहिला तर थांबा. ओल्या काळ्या रानात जुळवलेल्या नांगराचीही परीक्षा होत नाही, नुसती माती लपेटते.

पहिला तास उथळ घ्या, नांगर सपाट ठेवून. दुसऱ्यापासून ट्रॅक्टरची उजवी चाकं तासात चालतात, म्हणजे ट्रॅक्टर कलतो. आता ट्रॅक्टरच्या उजव्या उचल-हाताचा लिव्हर फिरवून बीम पुन्हा जमिनीला समांतर करा. मग वरची दांडी, म्हणजे टॉप लिंक. ती आखूड केली की नांगराचं नाक खाली जातं, लांब केली की वर येतं. बरोबर जुळली आहे का हे तासाच्या तळाशी दिसतं: टाचेची हलकी रेघ उठली पाहिजे. खोल खड्डा पडत असेल तर टॉप लिंक फार लांब आहे. रेघच नसेल तर टाच हवेत आहे आणि लिंक फार आखूड.

कोल्टर असेल तर तो मोल्डबोर्डच्या पुढच्या कडेपेक्षा अर्धा ते पाऊण इंच न नांगरलेल्या बाजूला ठेवा, म्हणजे भिंत स्वच्छ कापली जाते. वेग ताशी ४-५ किमी. माती नीट उलटत नसेल तर वेग थोडा वाढवून बघा, पण आधी नाही. दर दोन तासांनी सगळे बोल्ट आवळा. पहिल्या दिवशी ते ढिले होतातच.

दगड लागला की नांगर वाचवायला मुद्दाम तुटणारा बोल्ट नांगराला असेल, तर तो तुटल्यावर त्याच ताकदीचाच घाला. हाताशी आला म्हणून हाय टेन्साइल घातला, तर पुढच्या दगडाला बोल्टऐवजी बीम जाईल. असे पाच-सहा बोल्ट पिशवीत घालून सांगाड्यालाच बांधून ठेवा.

काम संपलं की माती त्याच संध्याकाळी खरवडा. मोल्डबोर्ड, फाळ आणि लँडसाइडला ग्रीसचा जाड थर द्या. जुनं इंजिन ऑइल एका पावसात धुऊन जातं, ग्रीस टिकतं. नांगर लाकडाच्या ठोकळ्यांवर ठेवा, फाळाचं टोक मातीला टेकलेलं नको. वर पत्र्याचं छप्पर असेल तर ताडपत्री गुंडाळू नका, आत वाफ कोंडते आणि आषाढ संपेपर्यंत घासलेला पत्रा पुन्हा तांबडा होतो.